नग एक

खडू शोधायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि हाताला कागद लागला. बाहेर काढून पाहिला तर पावती. माझ्याच दुकानाची, गिऱ्हाइकाला देतो तो अर्धा तुकडा, मधल्या भोकांच्या रेषेवरून जपून फाडलेला. मी दुकानाचा मालक, तेव्हा गिऱ्हाइकाचा तुकडा माझ्या खिशात असायचं काही कारण नव्हतं. समोर आरशापुढे एक बाई स्टुलावर उभ्या होत्या, स्कर्टची उंची किती कमी करायची यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं, आणि मी खाली गुडघ्यांवर, तोंडात तीन टाचण्या धरून. पावतीवरचं अक्षर माझं नव्हतं. मोठं, गोल, जागा संपली म्हणून ओळीच्या शेवटी खाली घसरलेलं. ‘वस्तू’ या रकान्यात लिहिलं होतं, मुलगी, नग एक. ‘काम’ : आतली नळी अरुंद आहे, सैल करणे. ‘टाकल्याचा दिवस’ : बुधवार. ‘न्यायचा दिवस’ या रकान्यात काहीच नव्हतं. मी ते दोनदा वाचलं आणि कापायच्या टेबलाखाली पाहिलं. तिथे आमची टाचणी चिंध्यांच्या पेटीला टेकून बसली होती आणि तिच्या फ्रॉकच्या खालच्या पट्टीला पावतीचा दुसरा अर्धा तुकडा लावलेला होता. अगदी मी लावतो तसा, पिनेचं टोक आतल्या बाजूला वळवून, कुणाला टोचू नये म्हणून. काय झालं, फार आखूड होतोय का, बाईंनी वरून विचारलं. मी नुसती मान हलवली. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला लगेच उत्तर द्यावं लागत नाही, हा आमच्या धंद्याचा एक फायदा आहे.

टाचणी हे माझ्या मुलीचं घरातलं नाव. चणीने बारीक आणि बोलायला टोकदार, वय वर्षं सात. शाळा सुटली की ती दुकानात येते आणि टेबलाखाली संसार मांडते. तिथून तिला माणसांचे फक्त पाय दिसतात, आणि पायांवरून ती माणसाची परीक्षा करते. हा घाईत आहे, हिला कपडा आवडलेला नाही, हा पुन्हा येणार नाही. बहुतेक वेळा तिचं खरं निघतं. मागच्या थंडीत तिच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. आम्ही आधी ते गणिताच्या तासावर ढकललं. मग ताप आला, तो गेला, पुन्हा आला, आणि मग त्या सगळ्या तपासण्या, अंधाऱ्या खोलीतला तो पडदा, पोटावर फिरणारं ते थंड यंत्र. शेवटी सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडातून खाली नळी निघते, ती सुरू होते तिथेच जन्मापासून अरुंद आहे. वरून आलेलं पुढे जात नाही, तुंबतं, आणि मूत्रपिंड फुगत चाललंय. असंच राहू दिलं तर ते निकामी होईल. अरुंद तुकडा कापून काढायचा आणि दोन्ही टोकं पुन्हा जोडायची. तुम्ही काय करता, बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं, जुने कपडे दुरुस्त करतो, सैलाचे घट्ट, घट्टाचे सैल. मग तुम्हाला लगेच कळेल, त्या म्हणाल्या. मला कळलंच. पायजम्याची मोहरी अरुंद असावी तसा प्रकार. धागा कितीचा वापरता, मी विचारलं. केसाहून बारीक, आणि काही आठवड्यांनी आपोआप विरघळणारा, त्या म्हणाल्या. टाका कुठला, असं मी विचारणार तेवढ्यात बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. मला सगळं कळत होतं. आपल्या मुलीला उचलून कुणाच्या तरी टेबलावर ठेवायचं आणि स्वतः दाराबाहेर यायचं, हे कसं करतात तेवढं कळत नव्हतं.

त्याच दिवशी मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी आम्हाला बाजूला बसवून तीन गोष्टी सांगितल्या. मुलीला खोटं सांगू नका. तुमच्या घरातल्या शब्दांत सांगा. आणि तिसरी म्हणजे, डोळे उघडेल तेव्हा समोर कोण असणार हे तिला आधीपासून पक्कं माहीत असू द्या. पहिल्या दोन गोष्टी मी गाठीला बांधल्या आणि तिसरी माझ्या कानावरून गेली. कारण ‘खोटं सांगू नका’ हे ऐकताच मी तिथून निघून सदतीस वर्षं मागे पोचलो होतो. मी सहा वर्षांचा, घसा सारखा सुजायचा. आई म्हणाली, चल, नवे बूट घ्यायला जायचंय. मी केस विंचरून, जुने बूट हातात घेऊन निघालो, दुकानदाराला माप कळावं म्हणून. आम्ही एका पिवळ्या इमारतीत शिरलो. लांब बोळ, फिनेलचा वास, आणि एका माणसाने मला काखेत धरून उचललं. मी मागे वळून पाहिलं तर आई नव्हती. नंतरचं आठवतं ते एवढंच, की घशात आग, आठ खाटा, खिडकीबाहेर संध्याकाळ, आणि आपलं असं कुणीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली, बूट घेऊन. ते एक नंबर लहान होते आणि वर्षभर चावले. माझ्या आईने मला बुटांच्या जोडीसाठी विकलं, ही गोष्ट मी पुढे चारचौघांत रंगवून सांगायला लागलो. लोक हसायचे. आई अशा वेळी चहा बघायला म्हणून आत जायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा मी खोट्याच्या बाबतीत झालो. आपल्या पोरीच्या तोंडाला पानं पुसायची नाहीत हे मी तेव्हाच ठरवलं होतं, लग्नाच्याही आधी.

म्हणून मी तिला दुकानातच सांगितलं, एक कोट हातात घेऊन. हा कोट बघ, बगलेत घट्ट होतोय. मालकाने तो माझ्याकडे टाकला. मी बगल उसवणार, आतली जागा नीट करणार, पुन्हा शिवणार, इस्त्री करणार, आणि मालक येऊन घेऊन जाणार. दवाखान्यात असंच असतं. तिने कोटाच्या बाहीत हात घालून पाहिला. उसवताना त्याला कळतं का, तिने विचारलं. नाही, तुला औषध देऊन गाढ झोपवतील, काही कळणार नाही. जागी झाल्यावर दुखेल का? दुखेल, पण त्याचंही औषध असतं. शिवण दिसेल का? कुशीला एक बारीक रेघ राहील. मग ती म्हणाली, पावती मिळते? मी म्हणालो, मिळते की. मला वाटलं, काय झकास सांगितलं आपण. संध्याकाळी बायकोला अभिनयासकट करून दाखवलं. त्या ‘मिळते की’ने काय करून ठेवलं होतं ते मला आठवडाभर कळलं नाही.

आठवडाभर ती शहाण्यासारखी वागली. हेच आमच्या लक्षात यायला हवं होतं. जी मुलगी दुधावरच्या सायीवरून अर्धा तास वाद घालते, ती पुढ्यात येईल ते खात होती, नऊ वाजता झोपत होती, शाळेची वही स्वतःहून दप्तरात भरत होती. समजूतदार झाली, आम्ही एकमेकांना म्हणालो. माझी बायको बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावते, तेव्हा तिने दवाखान्याच्या दिवसांचा तक्ता करून स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला. मी निळा, ती हिरवी, माझी आई तांबडी. कुणी कधी तिच्याजवळ बसायचं, कुणी घरी येऊन अंघोळ करायची, आईच्या गुडघ्यांना सोसवेल अशी दुपारची वेळ कुठली. सगळे चौकोन रंगवलेले, फक्त गुरुवारी नऊ ते बारा हा चौकोन पांढरा. त्या वेळी ती आत असणार आणि आत आपल्यातलं कुणीच नसणार, मग ड्युटी कसली लावायची, बायको म्हणाली. तिचं बरोबरच होतं. टाचणी त्या पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवून उभी राहायची. मला वाटायचं, वाचायचा सराव चाललाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी रात्री कुशीवर वळत काळजी करत होतो ती भूल उतरण्याची, रक्ताची, तापाची, आणि पोरगी कपाटापुढे उभी राहून भलतीच काळजी करत होती.

स्कर्टवाल्या बाई गेल्यावर मी दाराची पाटी उलटी केली आणि टेबलाखाली शिरलो. मोठ्या माणसाला तिथे मान वाकवूनच बसावं लागतं. पावती कशासाठी, मी विचारलं. नियम आहे, ती म्हणाली, नंबर नसला तर कुणाचं काय ते कळत नाही. मग न्यायचा दिवस का नाही लिहिला? डॉक्टरांनी सांगितलाच नाही, चार-पाच दिवस म्हणाल्या आणि बघू म्हणाल्या. हे ती इतकं सरळ म्हणाली की मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावर थांबलं, कारण ती वर बघत होती. टेबलाच्या फटीतून समोरच्या भिंतीवरची सगळ्यात वरची फळी दिसते. "बाबा, त्या फळीवर सतरा आहेत," ती म्हणाली. "सतरा जण न्यायला आलेच नाहीत. त्यांच्याकडेपण पावती होती."

ती फळी म्हणजे नेलेच नाहीत अशा कपड्यांची. लोक कपडे टाकतात आणि येत नाहीत. गाव सोडतात, जाड होतात, विसरतात, मरतात. बाकीचे शिंपी सहा महिन्यांनी असे कपडे देऊन टाकतात. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते उस्ताद म्हणायचे, कपडा देऊन टाकला की गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहतं. पण मी ठेवतो ते त्या भीतीने नव्हे. वर्षातून एकदा मी ते खाली काढतो, झटकतो, डांबराच्या गोळ्या बदलतो आणि पुन्हा घडी घालून ठेवतो. एक बँडवाल्याची पँट आहे, कडेने सोनेरी पट्टी. एक लहान मुलाचा कोट आहे, तो घालणारं मूल आता दाढी करत असेल. का ठेवतो, असं बायकोने विचारलं की मी म्हणायचो, जागा आहे म्हणून. खरं म्हणजे कपडा खाली उतरवून टाकायला माझा हात धजत नाही, आणि का धजत नाही ते मी कधी बघायला गेलो नाही. आता टेबलाखाली मान वाकवून बसलेलो असताना ते समोर आलं. आठ खाटा आणि खिडकीबाहेरची संध्याकाळ. कुणी न्यायला येईल की नाही याची वाट बघणाऱ्यांना मी ठेवून घेतलं होतं, आणि नकळत माझी मुलगी त्यांच्याखाली बसवून वाढवली होती. आता ती आपलं नाव त्यांच्या यादीत घालत होती.

वेडी का तू, आम्ही येणार नाही असं कसं होईल, हे ओठांवर आलं होतं. पण असं म्हणणं सोपं असतं आणि त्याने कुणाची भीती गेल्याचं मी पाहिलेलं नाही. ते सतरा जण का आले नाहीत मला माहीत नाही, मी म्हणालो, पण मी येईन. तिने माझ्याकडे पाहिलं. उद्या नक्की नेतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी ज्या नजरेने बघतो, हुबेहूब तीच नजर. ती माझ्याकडूनच शिकली होती, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार.

घरी आलो तेव्हा आई टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती आणि बायको बॅगेत काय काय भरायचं त्याची यादी करत होती. मी पावतीचे दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि झालं ते सांगितलं. बायकोने वाचलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. आईने चष्मा न लावता हात लांब करून वाचलं. तिला वेळ लागला. टाचणी दाराशी उभी होती. आई बोलली ती माझ्याशी नाही, तिच्याशी. "तुझा बाप सांगतो ना, मी त्याला दवाखान्यात टाकून घरी गेले म्हणून. मी घरी गेले नव्हते. मी जिन्यात होते."

मग तिने वाटाणे सोलता सोलता सांगितलं. त्या वेळी आयांना वॉर्डात राहू देत नसत, पाच वाजता दार बंद. मला आत नेल्यावर ती धावत बुटांच्या दुकानात गेली, कारण कबूल केलं होतं, निदान तेवढं तरी खरं व्हावं म्हणून. मी हातात धरून नेलेले जुने बूट माझ्याबरोबरच आत गेले होते, त्यामुळे माप अंदाजाने घेतलं. परत येते तो पाच वाजून दहा मिनिटं झालेली. पहारेकऱ्याने दार उघडलं नाही. मागच्या बाजूला धुलाईखान्याकडे उतरणारा एक जिना होता, त्याला वॉर्डाचा झरोका होता, आणि झरोक्यातून मी रडत असलेला ऐकू येत होता. कपडे धुणाऱ्या बाईने तिला सांगितलं, आवाज दिलास तर पोर जास्त रडेल आणि तुला इथूनही घालवतील. म्हणून ती सकाळपर्यंत गप्प बसून राहिली. बावीस पायऱ्या होत्या, आई म्हणाली, वरून खाली मोजल्या, खालून वर मोजल्या, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. टाचणी आता टेबलापाशी आली होती. मग बाबाला सांगितलं का नाहीस, तिने विचारलं. आईने शेंग उघडली, दाणे भांड्यात पाडले. "खोटं बोलून नेलं होतं ना मी त्याला," ती म्हणाली. "त्यानंतर खरं सांगितलं तरी कोण ऐकणार होतं?"

मला लाज वाटली. चारचौघांत रंगवलेली ती गोष्ट, लोकांचं हसणं, आणि प्रत्येक वेळी चहा बघायला उठणारी आई, हे सगळं मला एकदम दिसलं. आणि त्या लाजेच्या खालून, इतकी वर्षं कुठेतरी आवळलेलं काहीतरी सुटत गेलं. मी सहा वर्षांचा त्या खाटेवर पडून रडत होतो तेव्हा भिंतीपलीकडे, हाताच्या अंतरावर, बूट मांडीवर घेऊन ती बसलेली होती. मला फक्त माहीत नव्हतं. माझ्या मुलीलाही हेच हवं होतं, आम्ही असू की नाही यापेक्षा कुठे असू ते. सिस्टरनी तिसरी गोष्ट सांगितली होती ती हीच. करायला गेलो एक आणि माझ्या खरेपणाच्या नादात पोरीला सांगायचं नेमकं तेच राहून गेलं.

टाचणी कपाटापाशी गेली. आजी, तुझा रंग कुठला, तिने विचारलं. तांबडा. तिने तांबडी पेन्सिल घेऊन गुरुवारच्या पांढऱ्या चौकोनात लिहिलं, आजी, जिना. तिथे आता लिफ्ट आहे, बसायला गुबगुबीत खुर्च्या आहेत, आजीच्या गुडघ्यांचं काय, बायको म्हणू लागली. लिहिलंय जिना, टाचणी म्हणाली, आणि आई म्हणाली, जिना तर जिना. मग टाचणीने हिरवी पेन्सिल उचलून आपल्या आईला विचारलं, तू? बायको म्हणाली, ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक बाक आहे, मी त्या बाकावर. मग निळी पेन्सिल वर आली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. शुद्धीवर येण्याच्या खोलीत एकाच माणसाला सोडतात. गेले आठ दिवस आम्ही दोघंही या विषयाला बगल देत होतो, कारण दोघांनाही तिथे जायचं होतं आणि दोघांनाही ते मागायचं नव्हतं. "बाबा दारात," बायको म्हणाली. "तू डोळे उघडशील तेव्हा समोर बाबा. ती ड्युटी त्याची." तिला काय वाटत होतं ते मला ठाऊक आहे. डेपोत कुणी कितीही गयावया केली तरी ती ड्युटी बदलून देत नाही. तिने स्वतःची दिली.

पण आमची पोरगी एवढ्यावर ऐकणारी नव्हे. सोमवारी तिने त्या सतरा जणांना फोन करायला लावले. खरं म्हणजे फोन तिनेच लावले, मी पावत्या वाचून आकडे सांगत होतो. नऊ नंबर बंद होते. चार वाजत राहिले. तिघांनी येतो म्हणून सांगितलं, ते आपलं सांगायचं म्हणून सांगितलं हे तिलाही कळलं. आणि एक जण खरंच आला, दुपारी, धापा टाकत. सोनेरी पट्टीच्या पँटवाला बँडमास्तर, मिशा पांढऱ्या झालेल्या. टाचणीने टेबलाखालूनच हात पुढे केला आणि पावती मागितली. मी ओशाळलो, चार वर्षांपूर्वीची पावती कोण ठेवतं. त्याने पाकिटातून घडी काढली, कडा झिजून मऊ झालेली. टाकून कशी देणार, तो म्हणाला, आधी आजारपण आलं, मग उशीर झाला, आणि मग रोज वाटायचं, आता कुठल्या तोंडाने जायचं. तिने दोन्ही तुकडे जमिनीवर जुळवून पाहिले, भोकाला भोक. पँट त्याला होत नव्हती. थोडी सैल करून मिळेल का, त्याने विचारलं. "मिळेल," टेबलाखालून उत्तर आलं, "पण लगेच न्या." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, सोळा.

बुधवारी सिस्टरनी तिच्या मनगटावर नंबराची पट्टी बांधली आणि तोच नंबर लिहिलेली दुसरी पट्टी माझ्या मनगटावर. हे नंबर जुळल्याशिवाय मी तुला कुणाच्या हाती देत नाही, सिस्टर म्हणाल्या. आपण पावती शोधून काढली असं वाटत होतं, इथे ती आधीपासून होतीच. टाचणीने एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. तरीही घरची पावती तिने सोडली नाही. सर्जनबाई संध्याकाळी आल्या तेव्हा तिने त्यांना न्यायचा दिवस विचारला. बहुतेक सोमवार, त्या म्हणाल्या. मी पेन्सिलने सोमवार लिहिलं. बहुतेक पण लिही, ती म्हणाली. मी ‘बहुतेक सोमवार’ लिहिलं आणि तिने माझा तुकडा माझ्या खिशात घालून वरून थोपटला. सकाळी तिला तो मागून उघडा झगा घातला. याचे बंद चुकीच्या बाजूला आहेत, तिने वॉर्डातल्या बाईंना सांगितलं. बूट काढून आजीकडे दिले, तुझ्याजवळ ठेव, खाली ठेवू नकोस. माझ्या हाताला धरून ती त्या दुहेरी दारापर्यंत चालत गेली, आणि तिथे तिचा हात एकदम थंड झाला. भीती वाटतेय का, मी विचारलं. हो, ती म्हणाली. मलाही वाटतेय, मी म्हणालो, आणि मी इथे दारात आहे. सिस्टर तिला घेऊन आत गेल्या. तिने वळून पाहिलं, आणि मी होतो.

पुढचे तीन तास माझी पाचावर धारण बसलेली होती. बाकावर बायको मनातल्या मनात कसल्या तरी ड्युट्या लावत बसली, तिचे ओठ हलत होते. माझी बोटं आपोआप हवेत टाके घालत होती, आणि ते लक्षात आलं की मी हात खिशात घालायचो, आणि खिशात कागद लागायचा. आत कुणीतरी केसाहून बारीक धाग्याने दोन टोकं जोडत होतं. मी आयुष्यभर कपडे उसवले, पण कपडा उसवून पडलेला असताना त्याच्या मालकाला काय वाटत असेल याचा विचार केला नव्हता. मध्ये एकदा जिन्यात डोकावलो. सगळे लिफ्टने जात होते, जिना मोकळा होता, आणि मधल्या वळणावर आई ताठ बसलेली, मांडीवर छोटे बूट. झाडणारा माणूस आला की ती पाय वर घ्यायची आणि तो गेला की खाली ठेवायची. खुर्चीवर बस ना जरा, असं मी म्हणालो नाही. साडेबाराला सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि छान झालं म्हणाल्या. जोड सैल बसलाय, कुठे ताण नाही. बायको रडायला लागली. मी त्यांना टाका कुठला ते विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण जिवात जीव आला.

शुद्धीवर येण्याच्या खोलीत यंत्रांचा बारीक आवाज होता. सिस्टरनी माझी पट्टी तिच्या पट्टीला लावून आकडे पाहिले आणि मला स्टूल दिलं. ती पांढरीफटक दिसत होती आणि फार लहान. पापण्या दोनदा हलून मिटल्या. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडले, ते कुठेतरी भलतीकडे गेले, फिरले आणि माझ्यावर येऊन थांबले.

"पावती," ती म्हणाली. घसा कोरडा होता, शब्द नुसता हवेसारखा आला.

मी काढून दाखवली. तिने ती वाचली नाही, फक्त आहे एवढं पाहिलं. मग म्हणाली, "आजी?"

"जिन्यात."

"अजून?"

"अजून."

दुखत असावं, कपाळाला आठी पडली होती. "तिला ऊठ म्हणावं आता," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

ती गाढ झोपेपर्यंत मी हललो नाही, ती माझी ड्युटी होती. मग सिस्टरना विचारून बाहेर आलो, बायकोला माझ्या जागी आत पाठवलं आणि जिन्याकडे गेलो. आई तशीच बसलेली होती. माझ्या पावलांचा आवाज ओळखून तिने मान वर केली आणि माझा चेहरा पाहिला.

"झालं, आई. छान झालं. तिने तुला ऊठ म्हणून सांगितलंय."

रडली का, आईने विचारलं. नाही, मी म्हणालो. आणि तू? मी तिला उठवायला हात पुढे केला, पण तिचे गुडघे आखडले होते, तिला उठवेना. मग मीच तिच्या शेजारी पायरीवर बसलो. खांद्याला खांदा लागला. तिने बूट माझ्याकडे दिले आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळायला लागली.

"पायऱ्या किती आहेत गं इथे?" मी विचारलं.

"मोजल्या नाहीत," ती म्हणाली. "या वेळी सगळ्यांना माहीत होतं ना, मी इथे आहे ते."

थोड्या वेळाने तिचे गुडघे सैल झाले. मग मी तिला हात दिला आणि आम्ही वर गेलो.